वेळासला जावं की नको?

प्रश्न : मुलांना कासवांची पिल्लं दाखवायला मार्चमध्ये वेळासला जायचा विचार आहे. पण पर्यटकांमुळे कासवांना त्रास होतो म्हणे. मग न जाणंच बरं का? गेलो तर दापोलीच्या रिसॉर्टवर राहू.
– एक वाचक, पुणे

उत्तर : जरूर जा. पूर्वी वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी सर्रास चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली. आता अंडी कुंपणातल्या वाळूत पुरतात आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी निघालेली पिल्लं सकाळ-संध्याकाळ पाण्याच्या दिशेने सोडतात. त्रास होतो तो बेशिस्त गर्दीचा. दोरीच्या आत जाऊ नका, पिल्लू उचलू नका (मुलांच्या हातात देऊन फोटो तर नकोच!), फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवा. ऑलिव्ह रिडले जातीची ही कासवं कायद्याने संरक्षित आहेत.

रिसॉर्टचा बेत मात्र बदला. गावात घरगुती राहण्याची सोय आहे; तिथे राहिलात, जेवलात, तर पैसा वेळासकरांच्या घरात जातो आणि घरटं राखण्यात गावाचा रस टिकतो. पंखा, साधी खोली, आमटी-भात, इतकीच अपेक्षा ठेवा. निघण्यापूर्वी फोन करून घरट्यांची स्थिती विचारा. पिल्लं कुणाच्या सुट्टीप्रमाणे बाहेर येत नाहीत, त्यामुळे दोन मुक्काम ठेवलेले बरे. शनिवार-रविवार टाळता आले तर उत्तमच.