एका गावाची अनेक नावे

रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस चौल नावाचे गाव आहे. आज ते नारळी-पोफळीच्या बागांचे शांत गाव आहे. पण प्राचीन काळी ते कोकणातील मोठे बंदर होते. देशोदेशींच्या लोकांनी त्याचे नाव लिहून ठेवले, आणि ते प्रत्येकाने वेगळे लिहिले!

मुंबईतील कान्हेरी लेण्यांच्या शिलालेखांत हे नाव 'चेमुल' असे आहे. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी ग्रीक भाषेत 'सिमुल्ला' असे लिहितो. तेथील लोक त्याला 'तिमुल' म्हणतात, असेही तो सांगतो. अरब लेखक 'सैमूर' म्हणतात. पंधराव्या शतकातील रशियन व्यापारी निकितीन 'चिविल' लिहितो.

तुम्ही विचाराल, चेमुल कोठे आणि सैमूर कोठे? हे गाव एकच कशावरून?

याचे उत्तर तुमच्या उर्दूच्या कायद्यातच आहे. उर्दूत 'चे' हे अक्षर आहे. अरबीत ते नाही. म्हणून अरबांनी 'च'च्या जागी 'स्वाद' लिहिला. चीन देशाला अरबीत 'सीन' म्हणतात. आपले चंदन तेथे 'संदल' झाले. तसेच चेमुलचे सैमूर झाले. शेवटच्या 'ल'चा 'र' झाला. मात्र नुसत्या उच्चारावरून गाव ओळखू नये, ठिकाणही जुळले पाहिजे. अरब लेखक सैमूरचे नाव ठाणे व सोपारा या बंदरांबरोबर घेतात. तेव्हा ते कोकण किनाऱ्यावरचेच गाव होय.

मराठीनेही हे नाव बदलले. 'ग्राम'चे गाव झाले, 'नाम'चे नाव झाले. म्हणजे 'म'चा 'व' झाला. इ.स. १०९४ च्या शिलाहार ताम्रपटात 'चेमुल्य' असलेले नाव पुढे असेच झिजून 'चौल' झाले.

या शोधाचा उपयोग काय? अल-मसूदी हा इतिहासकार हिजरी सन ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, सैमूरला आला होता. तेथे सुमारे १०,००० मुसलमान राहत होते, असे तो लिहितो. त्यांत बसरा, बगदाद, ओमान येथून आलेले लोक होते, तसेच याच भूमीत जन्मलेलेही होते. त्यांचे व्यवहार पाहण्यासाठी राजाने त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमला होता. सैमूर म्हणजे चौल हे कळले नसते, तर कोकणच्या इतिहासाचे हे पान आपल्याला वाचताच आले नसते.

तुमच्या गावाच्या नावातही असा इतिहास दडलेला असेल. वडीलधाऱ्यांना विचारा, जुने कागद पाहा आणि तो शोधा.

शब्दार्थ
ताम्रपट – तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला लेख
झिजणे – वापराने कमी होत जाणे
दडलेला – लपलेला

स्वाध्याय
१. चौलची पाठात आलेली नावे लिहा.
२. अरबीत 'चेमुल'चे 'सैमूर' का झाले?
३. नुसत्या उच्चारावरून गाव का ओळखू नये? तुमचे मत लिहा.