अर्धपारदर्शक खड्याची परीक्षा

विद्यार्थिमित्रहो, आपल्या कळवणच्या शिवारांत किंवा गिरणेच्या पात्रांत उन्हाकडे धरतांच आंतून उजळणारा खडा कोणास सांपडला, तर त्यानें काच ओरखडली एवढ्यावरून तो हिरा ठरत नाहीं. या समजुतीपायीं कष्टाचा पैसा जाऊं शकतो, म्हणून पालकांनींही पुढील परीक्षा समजून घ्यावी.

आपला काळा पाषाण सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा. तो निवतांना वायूच्या बुडबुड्यांनीं पोकळ्या राहिल्या. पुढें त्यांत झिरपलेल्या पाण्यांतून नानाविध खनिजें जमलीं. हिरा मात्र निराळ्याच पाषाणांतून वर येतो.

काठिण्याच्या मापांत हिरा १०, गारगोटी ७ आणि काच सुमारें साडेपांच. तेव्हां गारगोटीही काच ओरखडणारच! ती फुटली म्हणजे शिंपल्यासारखा वक्र पृष्ठभाग दिसतो. कॅल्साइटचें काठिण्य अवघें ३. तो चाकूनें खरवडला जातो, तिरकस चौकोनी तुकड्यांत फुटतो, आणि त्याच्या चूर्णावर लिंबू पिळल्यास बारीक बुडबुडे येतात. काच न ओरखडणारा, एकाच बाजूस मोत्यासारखा झळकणारा स्फटिक बहुधा ॲपोफिलाइट. हा मला सर्वांत देखणा वाटतो. सुंदर स्फटिक मात्र फोडूं नये. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयांत असे नमुने ठेविले आहेत. त्यांच्याशीं आपला खडा ताडून पाहावा.