ऊन आहे, मग सेल्फ का लागत नाही?

आषाढीच्या वारीत दिंडीबरोबर गाडी असते. शिधा, भांडी, तंबू, अंथरुणे सारे तिच्यात. थकलाभागला माणूसही तिच्यातच बसतो. माणसे पायी चालतात. गाडी पुढच्या मुक्कामाला आधी पोचते. ती पोचली तर चूल पेटते. ती अडली तर सगळी दिंडी उपाशी.

अशा एका टेंपोच्या टपावर सोलर प्लेट बसवली आहे असे समजू. रात्री तिच्या विजेवर दिवे लागतात. मोबाइल भरतात. सगळे खूश आहेत. पण एका सकाळी ड्रायव्हर चावी फिरवतो, तर सेल्फ नुसता 'टक्' करतो. इंजिन उठत नाही.

तात्या म्हणतात, "अहो, काल दिवसभर ऊन होतं. प्लेट टपावर. मग बॅटरी उतरली कशी?"

कोणी म्हणतो, "प्लेटच खोटी." कोणी म्हणतो, "बॅटरी गेली. नवी आणा."

मिस्त्री म्हणतो, "घाई करू नका, तात्या. नवी बॅटरी म्हणजे काही हजार रुपये. आधी विजेची वाट बघू."

मंडळी, ही वाट कशी बघायची ते आपण या पाठात शिकू.

एका गाडीत दोन बॅटऱ्या

पूर्वी हँडल मारून मोटार सुरू करीत. 1912 साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला विजेचा सेल्फ बसला. तेव्हापासून बॅटरीवर गाडी सुरू होऊ लागली.

सेल्फची बॅटरी पहिलवानासारखी असते. क्षणभर मोठा जोर लावते, मग विसावा घेते. तिच्याकडून रात्रभर दिवे जाळून घेतले तर ती लवकर खराब होते.

दिव्यांची बॅटरी बैलासारखी. थोडा थोडा भार दिवसभर ओढते. म्हणून मुक्कामाच्या गाडीत दोन बॅटऱ्या ठेवतात. पुढची सेल्फची, मागची दिव्यांची.

पाटाचे पाणी आणि विजेची वाट

पाटाचे पाणी आपल्याला ठाऊक आहे. पाणी पाटातून येते. पाटकरी दार उघडतो. मग चारीतून शेतात जाते. मधे एक दार बंद असले, तर धरण भरलेले असूनही शेत कोरडे राहते.

विजेचेही तसेच. प्लेटवर वीज तयार होते. तिथून ती कंट्रोलरकडे येते. कंट्रोलर हा पाटकरी. बॅटरीला हवी तेवढीच वीज तो सोडतो. पुढे फ्यूज. मग मागची बॅटरी.

आणि पुढची बॅटरी? तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक दार असते. त्याला रिले म्हणतात. पुष्कळ गाड्यांत हे दार इंजिन चालू असेल तेव्हाच उघडते. इंजिन बंद, की दार बंद. मग प्लेटची सगळी वीज मागे जाते. पुढे थेंबही येत नाही.

मीटर लावून बघा

यासाठी एक मीटर लागतो. तो साधा असला तरी चालतो. त्याचा काटा किंवा बटण डी. सी. 20 व्होल्टवर ठेवा. लाल वायर बॅटरीच्या अधिक खुणेला लावा. काळी वायर उणे खुणेला लावा. आकडा वाचा.

खालचे आकडे 12 व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीचे आहेत. 24 व्होल्टच्या ट्रकला ते दुप्पट धरा.

12.6 किंवा जास्त: भरलेली.
12.4: पाऊण.
12.2: निम्मी.
12 किंवा कमी: उतरलेली.

हा आकडा सकाळी घ्यावा. बॅटरी रात्रभर निवांत असावी. नुकत्याच भरलेल्या बॅटरीचा आकडा फुगलेला दिसतो. त्यावर विश्वास ठेवू नये.

पाच पावले

पहिले पाऊल. सकाळी पुढची बॅटरी मोजा. आकडा 12.6 आहे, तरी सेल्फ लागत नाही? मग एकाने चावी फिरवावी, दुसऱ्याने मीटर बघावा. आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर बॅटरी कमजोर आहे. आकडा फारसा हलला नाही, तर दोष टर्मिनलमध्ये, अर्थच्या वायरमध्ये किंवा सेल्फमध्ये आहे. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर तो घासून काढा. क्लॅम्प घट्ट करा.

दुसरे पाऊल. भर दुपारी उन्हात, इंजिन बंद ठेवून, तीच बॅटरी पुन्हा मोजा. आकडा 13 च्या वर गेला, तर वीज पोचते आहे. सकाळचाच आकडा राहिला, तर वाट कुठेतरी तुटली आहे.

तिसरे पाऊल. लगेच मागची बॅटरी मोजा. मागे 13.5 ते 14.4 आणि पुढे 12? मग प्लेट चांगली, कंट्रोलर चांगला. मधले दार बंद आहे.

चौथे पाऊल. मागेही आकडा चढत नाही? कंट्रोलरवर बॅटरीच्या वायरी जिथे जोडल्या आहेत तिथे मोजा. तिथे 14 आणि बॅटरीवर 12.4 असेल, तर मधला फ्यूज उडाला आहे किंवा वायर सैल आहे. फार बारीक वायरही वाटेतच वीज खाते.

पाचवे पाऊल. आता प्लेटकडे जा. प्लेटवर जाड कापड टाका. तिच्या वायरी कंट्रोलरमधून सोडवा. मीटर डी. सी. 200 वर ठेवून कापड काढा. चांगल्या उन्हात 12 व्होल्टची प्लेट 18 ते 22 व्होल्ट दाखवते. आकडा फार कमी असेल तर प्लेट किंवा तिची वायर खराब. आकडा बरोबर आला तरी प्लेट पुसा. धूळ, पक्ष्यांची विष्ठा, टपावरच्या बोचक्याची सावली, यांनी वीज फार घटते. एका कोपऱ्यावरची सावलीसुद्धा नडते. पावसाळी ढगांत तर थोडीच वीज मिळते.

लपलेला चोर

आपल्या टेंपोत तिसऱ्या पावलालाच उत्तर मिळाले. मागे 13.8, पुढे 11.9.

मिस्त्रीने विचारले, "तात्या, भजनाचा लाऊडस्पीकर कुठून जोडलाय?"

"पुढनं. तिथली वायर जवळ पडली."

"मग बरोबर. पुढची बॅटरी रात्री उतरली. दिवसा गाडी उभी, दार बंद. भरणार कशी?"

स्पीकर मागच्या बॅटरीवर घेतला. इंजिनावर चालणारा रिले काढून व्होल्टवर चालणारा रिले बसवला. मागची बॅटरी पुरेशी भरली की तो आपोआप दार उघडतो. मागचे व्होल्ट उतरले की बंद करतो. दोन बॅटऱ्यांना वेगवेगळी वीज देणारा कंट्रोलरही मिळतो.

चोर लहानही असतो. घड्याळ, टेप, गाडीचा ठावठिकाणा सांगणारे यंत्र, ही गाडी बंद असतानाही वीज पितात. समजा, 50 मिलिअँपिअर वीज जाते. दिवसाला झाले 1.2 अँपिअर-तास. महिन्याला 36. आणि बॅटरी 60 ची! निम्म्याहून जास्त गेली. उतरलेली बॅटरी तशीच पडली, तर तिच्या आतल्या पट्ट्यांवर कडक थर बसतो. मग ती पुरी भरत नाही. म्हणून गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल, तर उणे टर्मिनल सोडून ठेवा. ट्रॅक्टरलाही हाच नियम.

जिवाला जपा

बॅटरी भरताना पेटणारा वायू सुटतो. जवळ बिडी ओढू नका. काडी पेटवू नका. हातातली अंगठी, कडे काढा. आधी उणे टर्मिनल सोडा. जोडताना ते शेवटी जोडा. ॲसिड अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर धूत धूत दवाखाना गाठा. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग प्लेट. सोडताना आधी प्लेट, मग बॅटरी. पाणी कमी झाले तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचे नको.

नवी बॅटरी आणली, पण वाट तुटलेलीच राहिली, तर तीही उतरेल. पैसा जाईल आणि गाडी पुन्हा अडेल. म्हणून आधी मोजा, मग बोला. आणि मोजून झाल्यावरच खिशात हात घाला.

सांगा पाहू

1. सेल्फच्या बॅटरीवर रात्रभर दिवे का लावू नयेत?
2. मागे 13.8 आणि पुढे 11.9 व्होल्ट. दोष कुठे असेल?
3. बॅटरी सोडताना कोणते टर्मिनल आधी सोडावे?
4. 50 मिलिअँपिअर वीज रोज जात असेल, तर 10 दिवसांत किती अँपिअर-तास जातील? वहीत मांडून बघा.