शब्दांवाचून बोलणे
(रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ : लूक १:१८-२२, ५७-६४, नीतिसूत्रे ६:१२-१४, योहान ४:५-९.



आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात आठवड्याचा बाजार भरला की तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी, कोलामी आणि बंजारा अशा कितीतरी बोली एकदम कानी पडतात. पैनगंगेपलीकडून आलेला शेतकरी आणि डोंगरातून उतरलेली कोलाम आजी यांना एकमेकांची भाषा येत नसली तरी व्यवहार अडत नाही. बोटे दाखवली जातात, मान हलते, भाव पटला नाही तर गिऱ्हाईक पाठ फिरवते, आणि पाठ फिरली की भाव उतरतो. जिभेवाचून चालणाऱ्या या बोलण्याचा आज आपण विचार करू. कारण मुले आपला धडा ऐकण्याआधी आपला चेहरा वाचतात.

१. जखऱ्याची पाटी

जखऱ्या मंदिरातून बाहेर आला तेव्हा त्याची वाचा गेली होती. तरी त्याच्या खुणांवरून त्याला काही दर्शन झाले आहे, एवढे लोकांनी ओळखले. पुढे मुलाच्या नावाचा प्रश्न निघाला, तेव्हा लोकांनी त्याला खुणावून विचारले. पण उत्तर देण्यासाठी त्याला पाटी मागून घ्यावी लागली. खुणेची शक्ती आणि तिची मर्यादा अशी दोन्ही या अध्यायात दिसतात. भीती, आदर, आपुलकी, कंटाळा हे खुणेने कळते. नाव, आकडा आणि वचन यांना शब्द लागतात. (येथे कर्णबधिरांची सांकेतिक भाषा धरू नये. ती स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. भारतीय सांकेतिक भाषेचा ३,००० शब्दांचा कोश २०१८ साली दिल्लीत प्रसिद्ध झाला.)

२. शंभरातले त्र्याण्णव?

संभाषणाचा ९३ टक्के भाग शब्दांवाचूनच होतो, असे शिक्षकांच्या शिबिरांत हमखास सांगतात. मीही ते फळ्यावर लिहिले आहे. हा आकडा अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांवरून निघाला. त्यात एकेक सुटा शब्द निरनिराळ्या सुरांत ऐकवून, चेहऱ्याची छायाचित्रे दाखवून, बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड एवढेच ओळखायला सांगितले होते. शब्द एक सांगतो आणि चेहरा दुसरेच सांगतो, अशा वेळी लोक चेहऱ्यावर अधिक विश्वास ठेवतात, इतकाच त्याचा बोध. सगळ्या बोलण्याला तो आकडा लावू नये, हे मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे. तो सर्वत्र खरा असता तर जखऱ्याला पाटी मागावी लागली नसती. तेव्हा धड्याची तयारी न करता केवळ हसऱ्या चेहऱ्याने वर्ग निभावेल, असे कोणी समजू नये.

३. एकच खूण, दोन अर्थ

पॉल एकमन या संशोधकाने १९६७-६८ च्या सुमारास न्यू गिनीच्या डोंगरांतील फोरे लोकांना चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. बाहेरच्या जगाशी फारसा संबंध नसूनही त्यांनी आनंद, राग, दुःख बऱ्याच अंशी ओळखले; भीती आणि आश्चर्य यांत मात्र त्यांची गल्लत झाली. पुढील अभ्यासकांनी या निष्कर्षांवर शंकाही घेतल्या आहेत. पण चेहऱ्याचे काही असो, रीतभात माणूस आपल्या घरी शिकतो हे निश्चित. ते मला एका चुकीतून कळले.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक कोलाम मुलगी येत असे. प्रश्न विचारला की ती खाली बघे. “मी बोलतो तेव्हा माझ्याकडे बघ!” असे मी तिला सर्वांदेखत दरडावले. पुढच्या रविवारी ती आली नाही; त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी मी त्यांच्या गुड्यावर गेलो. आजीने अंगणात घोंगडी अंथरली, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि ती दोन पावले मागे सरून उभी राहिली. मी पाणी पितो की नाही, हे ती बघत होती. मी प्यालो. मगच ती बोलली : “आमच्या घरात मोठ्याच्या डोळ्याला डोळा लावत नाहीत, मास्तर. पोरीनं तुमचा मान राखला, अन् तुम्ही तिलाच रागे भरलात.”

मुलगी परत आली. पण वर्गात हात वर करायला तिला पुढचे वर्ष उजाडावे लागले.

प्रभूने शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले, तेव्हा ती आधी याच गोष्टीने चकित झाली. कोणाच्या हातचे पाणी कोण पितो हे आपल्याही गावांत अजून न बोलता पाहिले जाते. मंडळीत सर्व समान, असे आपण शिकवतो. मुले आपला हात तांब्याकडे जातो की नाही ते बघतात.

४. लपवलेली बोटे

बाजारातला ‘हत्ता’ आपण ऐकला असेल. दोन व्यापारी हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटे दाबून भाव ठरवतात. ज्याचा माल आहे तो शेतकरी जवळच उभा असतो, पण त्याला काही कळत नाही. म्हणूनच लिलाव उघड बोलीने व्हावा, असे बाजार समित्यांचे नियम सांगतात. डोळे मिचकावणाऱ्या आणि बोटांनी खुणा करणाऱ्या कपटी मनुष्याविषयी नीतिसूत्रांतही इशारा आहे. दोन शिक्षक एखाद्या मुलाकडे बघून एकमेकांना डोळ्याने खुणावतात, तेव्हा तेही रुमालाखालीच बोलत असतात. आणि त्या मुलाला ते नेमके कळते.

५. राहण्याची साक्ष

१९४० मध्ये कोमरम भीम यांच्या उठावानंतर मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ गोंडांमध्ये आले. ते मारलावाई गावी झोपडीत राहिले, गोंडी शिकले, आणि १९४३ मध्ये तेथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम सुरू झाले. त्यांच्या पत्नी बेट्टी १९८७ मध्ये वारल्या. त्यांची कबर मारलावाईतच आहे. (२०१६ पासून हे गाव कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते.) ‘आम्ही तुमचे’ असे कोणी भाषणात म्हणाले असते तर ते विसरले गेले असते. ती कबर गावाने जपली आहे.

शिक्षकांसाठी सूचना

धडा चालू असता घड्याळाकडे बघू नये. लहान मुलांशी बोलताना खाली बसावे. गप्प मुलाचा अर्थ स्वतःच लावू नये. त्याच्या घरी जावे. चूक झाली तर क्षमा मागावी, आणि ती शब्दांनी मागावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गात कोणत्या मुलांच्या घरची भाषा वेगळी आहे? त्यांच्या घरी आदर कसा दाखवतात?
२. उपासनेनंतर आपण कोणाशी हस्तांदोलन करतो आणि कोणाला टाळतो?
३. मागील महिन्यात कोणते मूल यायचे थांबले? त्याच्या घरी कोण जाणार, आणि केव्हा?