विषयांचे स्केलिंग आणि ‘एटार’ : विद्यार्थी-पालकांसाठी माहिती

दरवर्षी डिसेंबरात ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्याच्या बारावीच्या विद्यार्थ्यांना दोन निकाल मिळतात. पहिला एच.एस.सी.चा, तो ‘नेसा’ ही राज्याची शिक्षणसंस्था देते. दुसरा ‘एटार’; तो विद्यापीठ प्रवेशाचे केंद्र ‘यूएसी’ देते. महाराष्ट्रातून आलेल्या आपल्या कुटुंबांत या दोहोंची गल्लत होते आणि मुलांना नाहक बोलणी खावी लागतात. म्हणून हा विषय आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

एटार म्हणजे टक्केवारी नव्हे

एच.एस.सी.चे गुण विद्यार्थ्याला विषय किती आला हे सांगतात. एटार हा मात्र क्रम आहे. तो २००९ साली ‘यूएआय’च्या जागी आला. ०.०० पासून ९९.९५ पर्यंत, ०.०५ च्या पायऱ्यांनी तो दिला जातो. एटार ८० याचा अर्थ ८० टक्के गुण असा नसून, आपल्या वयोगटातील सुमारे ८० टक्के मुलांच्या पुढे, असा आहे. या वयोगटात मध्येच शाळा सोडलेली मुलेही धरलेली असतात. त्यामुळे एटार मिळवणाऱ्यांतील मधला विद्यार्थी ५० वर नसून ७० च्या आसपास असतो. भारतात जेईई मेन परीक्षेत २०१९ पासून पर्सेंटाइल आले; एटारची कल्पना त्याच्या जवळची आहे.

स्केलिंग कशासाठी?

सर्व विद्यार्थी सारखे विषय घेत नाहीत. मग एकाचे भौतिकशास्त्र आणि दुसऱ्याचा व्यवसाय अभ्यास यांची तुलना कशी करावी? यूएसी त्या विषयाला बसलेले विद्यार्थी आपल्या इतर सर्व विषयांत कसे उतरले हे पाहते आणि त्यावरून त्या विषयाची सरासरी ठरवते. म्हणजे विषय ‘कठीण’ की ‘सोपा’ हे कोणी समिती बसून ठरवत नाही. त्या वर्षी स्पर्धा किती तीव्र होती, यावर ते ठरते. एखाद्या विषयातील विद्यार्थ्यांचा आपापसांतील क्रम स्केलिंगने बदलत नाही.

स्केलिंग झाल्यावर प्रत्येक युनिटला ५० पैकी गुण धरतात. इंग्रजीची उत्तम २ युनिटे सक्तीने आणि उरलेल्यांतील उत्तम ८ युनिटे मिळून ५०० पैकी बेरीज होते. या बेरजेवरून क्रम लागतो.

एक उदाहरण

समजा, ‘क’ विषयाची स्केल केलेली सरासरी ३२ आणि ‘ख’ विषयाची २४ आहे. ‘क’मध्ये मध्यावर असलेल्या मुलीला सुमारे ३२ मिळतील. तीच मुलगी आवडीने ‘ख’ शिकून अगदी वरच्या क्रमांकात आली, तर तिला ४० च्या वरही मिळू शकतात. उलट ‘क’ घेऊन ती तळाशी राहिली, तर वरची सरासरी तिच्या कामी येत नाही. ‘वर जाणारा विषय’ घेतला की एटार वाढतो, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

विषय निवडताना

१. जो विषय आवडतो आणि ज्यात पुढच्या क्रमांकात येण्याची तयारी आहे, तोच घ्यावा. शेजारच्या मुलाने काय घेतले हे पाहू नये.

२. हव्या असलेल्या पदवीसाठी कोणत्या विषयांचे ज्ञान गृहीत धरले आहे, ते विद्यापीठाच्या पुस्तिकेत आधी पाहावे. अभियांत्रिकीला जायचे तर प्रगत गणित टाळून चालणार नाही.

३. इंग्रजी प्रत्येकाच्या बेरजेत येतेच. तिकडे दुर्लक्ष करू नये. अकरावीपूर्वी इंग्रजी माध्यमात पाच वर्षे किंवा त्याहून कमी शिक्षण झाले असल्यास ‘ईएएल/डी’ इंग्रजीचा पर्याय आहे. मराठी माध्यमातून नुकत्याच आलेल्या मुलांनी शाळेत चौकशी करावी.

४. आजारपण, आर्थिक ओढाताण अशा अडचणींमुळे अभ्यासावर परिणाम झाला असल्यास यूएसीच्या शैक्षणिक संधी योजनेत अर्ज करावा. त्याने एटार बदलत नाही. मात्र विद्यापीठ प्रवेशासाठी लागणाऱ्या क्रमात भर घालू शकते. ही हक्काची सवलत आहे. ती मागण्यात कमीपणा नाही.

पालकांना आमची विनंती एवढीच, की मुलाचा एटार हातात आल्यावर त्याची आपल्या बारावीच्या टक्क्यांशी तुलना करू नये. तो एका वर्षाच्या रांगेतील क्रम आहे, मुलाच्या लायकीचे प्रमाणपत्र नव्हे.