चित्रवाचन : एका छायाचित्रकाराची दृष्टी

‘आमच्या गावचा बाजार’ हा निबंध तपासावयास घ्यावा, तर वहीमागून वहीत तीच वाक्ये आढळतात. मुलांपाशी शब्द नसतात असे नव्हे. पाहण्याची सवय त्यांना लागलेली नसते. ती कशी लावावी, हे फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ (१९०८–२००४) यांच्या कार्यावरून शिकण्यासारखे आहे.

ब्रेसाँ मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. हाती लहानसा लायका कॅमेरा. त्याचे चकाकणारे भागही ते काळ्या पट्टीने झाकीत, म्हणजे माणसे सावध होत नसत. १९३७ साली लंडनला सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला, तेव्हा त्यांनी राजाकडे पाठ फिरवून मिरवणूक पाहावयास जमलेल्या सामान्य जनांची चित्रे घेतली. महायुद्धात ते जर्मनांचे कैदी झाले व तिसऱ्या प्रयत्नात, १९४३ साली, निसटले. १९४७ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘मॅग्नम’ ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था स्थापिली. त्याच वर्षी ते भारतात आले. निर्वासितांच्या छावण्या आणि १९४८ साली गांधीजींच्या अंत्ययात्रेतील शोकाकुल जनसमुदाय त्यांनी टिपला.

पाठासाठी त्यांचे शांघायचे चित्र घ्यावे. डिसेंबर १९४८. चिनी चलनाची किंमत कोसळलेली. सोने मिळावे म्हणून बँकेपुढे लोकांची झुंबड उडालेली. माणसे एकमेकांना घट्ट धरून चेंगरत आहेत. सोने मात्र चित्रात कोठेच नाही!

पाठाचा क्रम

१. चित्र दाखवून दोन मिनिटे शांतता राखावी. माहिती आधी सांगू नये.

२. मग विचारावे : हात काय करीत आहेत? चेहऱ्यांवर काय दिसते? ही माणसे कशासाठी जमली असावीत?

३. ‘दिसते ते’ व ‘वाटते ते’ फळ्यावर निरनिराळ्या रकान्यांत लिहावे. त्यानंतरच प्रसंग सांगावा.

४. स्वाध्याय : पाणवठा, पार किंवा एस. टी. थांबा येथे दहा मिनिटे थांबून प्रत्यक्ष पाहिलेल्या पाच गोष्टी लिहिणे. कोणाच्या दुःखाचे वा दैन्याचे हसू होणार नाही, ही ताकीद द्यावी.

वह्या तपासताना शुद्धलेखनाआधी निरीक्षणास गुण द्यावेत. आणि हीच दृष्टी शिक्षकाने वर्गावरही ठेवावी. उत्तरासाठी वर झालेले हात सर्वांनाच दिसतात; मागच्या ओळीत आठ दिवस न बोललेले मूल दिसते काय, ते पाहावे.