हवामानशास्त्राचा अभ्यास : शेतकऱ्यांच्या मुलांस एक वाट

मृग लागला कीं शेतकऱ्याची दृष्टि आकाशाकडे लागते. दोन सरी पडल्या म्हणून पेरणी उरकावी, तर पुढें पंधरा दिवस उघाडी पडून उगवण करपते. थांबावें, तर वाफसा निघून जातो. दुबार पेरणीचा खर्च ज्यानें एकदां सोसला, त्यास हवामानाच्या ज्ञानाची किंमत निराळी सांगावयास नको. असें असूनहि आपल्या मुलास अगर मुलीस हेंच शास्त्र शिकवावें, हा विचार शेतकरी कुटुंबांत क्वचितच होतो. या शिक्षणास पूर्वतयारी कोणती लागते, तें कोठें मिळतें व पुढें पोटापाण्याची सोय काय, याचा विचार आम्हीं येथें करीत आहों.

शास्त्राचें स्वरूप.— पंचांगांतील पावसाचीं नक्षत्रें सूर्याच्या गतीवर बसविलेलीं आहेत. तीं ऋतु सांगतात. परंतु अमुक दिवशीं पाऊस येईल कीं नाहीं, हें त्यांवरून कळत नाहीं. हवामानशास्त्र हें पदार्थविज्ञानाचें अंग असून त्याची भाषा गणित ही आहे. एक उदाहरण घेऊं. जमिनीलगतची हवा तापून वर चढली म्हणजे तिजवरील दाब कमी होतो, ती फुगते आणि निवते. ढग धरेपर्यंत हें निवणें दर किलोमीटरास सुमारें १० अंश असतें. ज्या उष्णमानास हवेंतील वाफेचें पाणी होऊं लागतें त्यास दवबिंदु म्हणतात. हवा चढतांना तोहि थोडा उतरतो. यावरून दुपारच्या तापानें उठणाऱ्या ढगांविषयीं ढोबळ नियम असा निघतो कीं, उष्णमान व दवबिंदु यांत जितक्या अंशांचें अंतर, तितके सव्वाशें मीटर उंचीवर ढगाचा तळ. उष्णमान ३४ व दवबिंदु २४ असल्यास ढग सुमारें १,२५० मीटरांवर धरेल.

हवेची गति, उष्णता व ओलावा यांचीं अशींच, परंतु फार अवघड समीकरणें मांडून तीं महासंगणकावर सोडविणें, हा आजच्या अंदाजाचा पाया होय. सर गिल्बर्ट वॉकर हे १९०४ पासून १९२४ पर्यंत हिंदुस्थानच्या वेधशाळांचे मुख्य होते. ते मूळचे गणिती. मोसमी पावसाचा शोध घेतां घेतां त्यांनीं दूरच्या पॅसिफिक महासागरावरील हवेच्या दाबाचा हिंदी महासागरावरील दाबाशीं असलेला संबंध उजेडांत आणला. तात्पर्य, ज्यास गणिताचा कंटाळा त्यानें या वाटेस जाऊं नये. आकाश न्याहाळण्याची नुसती हौस येथें पुरत नाहीं.

शिक्षणाच्या दोन वाटा.— पहिली वाट विज्ञानाची. बारावीस पदार्थविज्ञान व गणित हे विषय ठेवून त्यांतच विज्ञानाची पदवी घ्यावी, व नंतर वातावरणशास्त्राच्या उच्च पदवीस जावें. पुणें विद्यापीठांत ही सोय आहे. दुसरी वाट शेतकीची. कृषि पदवीनंतर कृषि-हवामानशास्त्र हा विषय घेऊन पुण्याच्या कृषि महाविद्यालयांत किंवा परभणीच्या कृषि विद्यापीठांत पुढील पदवी घेतां येते. पहिल्या वाटेचा विद्यार्थी ढग जाणतो. दुसऱ्या वाटेचा विद्यार्थी त्या ढगाचा कपाशीवर, द्राक्षावर व किडीवर काय परिणाम होईल तें जाणतो. आमच्या वाचकांच्या मुलांस दुसरी वाट अधिक ओळखीची वाटेल.

या विषयांत पुण्यास मोठी परंपरा आहे. हिंदुस्थानचें हवामान खातें १८७५ सालीं निघालें. त्याची कृषि-हवामान शाखा १९३२ सालीं पुण्यास सुरू झाली, व उष्णकटिबंधीय हवामानाची संशोधनसंस्था १९६२ सालीं तेथेंच स्थापन झाली. ज्यांस हें काम मुलींचें नव्हे असें वाटतें, त्यांनीं अण्णा मणि यांचें चरित्र पाहावें. पदार्थविज्ञान शिकून त्या १९४८ सालीं पुण्यास या खात्यांत आल्या, हवामानाचीं उपकरणें देशांत तयार करविण्याचें काम त्यांनीं अंगावर घेतलें, आणि उपमहासंचालक या पदापर्यंत त्या चढल्या.

चरितार्थ.— हवामान खातें, संशोधनसंस्था, वायुसेनेची हवामान शाखा, कृषि विद्यापीठें, पीकविमा कंपन्या व खाजगी अंदाज देणाऱ्या संस्था, अशीं हीं क्षेत्रें आहेत. तथापि आशा बेतानें ठेवावी. हवामान खात्याच्या वैज्ञानिक सहायकांची मोठी भरती २०१७ व २०२२ सालीं झाली, म्हणजे मध्यें पांच वर्षें गेलीं. जिल्ह्याजिल्ह्यांत २०१८ पासून उघडलेलीं कृषि-हवामान केंद्रें २०२४ सालीं बंद करण्यांत आलीं, आणि तेथें काम करणाऱ्या तरुणांस दुसरी सोय पाहावी लागली. म्हणून विद्यार्थ्यानें एकाच नोकरीवर डोळा न ठेवतां संख्याशास्त्र व संगणकाची आज्ञावली लिहिणें हीं दोन्ही अंगें पक्कीं करावीं. तीं कोठेंहि उपयोगी पडतात.

गांवास या ज्ञानाची गरज मात्र वाढतच आहे. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळांतील केंद्राच्या नोंदींवरून ठरते. त्या नोंदी वाचून त्यांतील चूक दाखविणारा जाणता माणूस गांवांत असणें, हें बागाइतदारास थोडें मोलाचें नाहीं.

घरची तयारी.— महाविद्यालयाची वाट न पाहतां आजच आरंभ करावा. झाडापासून व भिंतीपासून दूर, मोकळ्या जागीं पर्जन्यमापक बसवावा; रोज सकाळीं साडेआठ वाजतां पाणी मोजून वहींत लिहावें. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरास एक लिटर पाणी. त्या हिशेबानें १० मिलिमीटर पावसांत एकरास सुमारें चाळीस हजार लिटर पाणी पडतें. त्याच पानावर खात्याचा अंदाज लिहून दुसऱ्या दिवशीं पडताळा घ्यावा. अंदाजांतील 'तुरळक ठिकाणीं' या शब्दांचा अर्थ, त्या प्रदेशांतील फार तर चौथ्या हिश्श्याच्या ठिकाणीं, असा आहे. तो ठाऊक असला म्हणजे आपलें शेत कोरडें राहिलें तरी अंदाज खोटा ठरला असें एकदम म्हणवत नाहीं.

अशी एका पावसाळ्याची वही ज्या मुलानें अगर मुलीनें खंड न पाडतां लिहिली, त्यास या शास्त्राची गोडी आहे असें पालकांनीं खुशाल समजावें, व त्याच्या शिक्षणाचा खर्च करतांना हात आंखडूं नये.